रात्री झोप येत नाही, सकाळी जाग येत नाही: अकरावी-बारावीची मुलं, उजेड आणि शरीराचं घड्याळ

लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथं खोली करून राहिलेली मुलं-मुली आणि गावाकडे त्यांच्या काळजीत असलेले आईबाप, अशा दोघांचे प्रश्न इथं एकत्र घेतले आहेत. या वयाच्या झोपेचा विषय निघाला की गाडी मोबाईलवर येऊन थांबते. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. या मुलांची झोप रात्रीच्या उजेडानं बिघडते हे खरंच, पण दिवसा उजेड न मिळाल्यानंही ती तितकीच बिघडते, आणि त्याबद्दल कुणीच ओरडत नाही.

दहावीपर्यंत आमचं लेकरू दहाला झोपायचं. लातूरला गेल्यापासून दीड-दोनशिवाय झोपत नाही. मोबाईलमुळं का संगतीमुळं?

आधी वयामुळं. मोबाईल आणि संगत त्याच्यानंतर. वयात येताना झोपेची नैसर्गिक वेळच पुढं सरकते. अमेरिकेतल्या झोपेच्या अभ्यासक मेरी कार्स्कॅडन यांनी १९९३ मध्येच हा कल मांडला होता, आणि तेव्हा कुणाच्या खिशात स्मार्टफोन नव्हता. २००४ मध्ये जर्मनीतल्या टिल रोनेबर्ग यांच्या गटानं हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा तपासल्या. उशिरा झोपण्याचा कल मुलींमध्ये साडेएकोणीस वर्षांच्या आणि मुलांमध्ये एकविशीच्या आसपास सगळ्यात जास्त दिसला. त्यानंतर तो हळूहळू उतरतो.

दुसरं कारण असं, की दिवसभर जागं राहिल्यावर डोळ्यांवर जी झापड साठत जाते, ती या वयात लहान मुलांपेक्षा सावकाश साठते. त्यामुळे साडेदहाला आईला पेंग येते आणि पोरगं टक्क जागं असतं. ते नाटक करत नसतं.

वयाचा वाटा साधारण तासा-दोन तासांचा. दहाचे बारा झाले तर ते वय. दोन-तीन वाजत असतील, तर वरचा भाग उजेडाचा आणि सवयीचा आहे, आणि तो आपल्या हातात आहे.

हे घड्याळ असतं तरी कुठं? उजेडाचा आणि त्याचा काय संबंध?

डोळ्यांच्या मागे, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्या जागेच्या अगदी वर, मेंदूत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. त्याला सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस म्हणतात. वीस हजारांच्या आसपास पेशी, पण झोप, अंगाच्या तापमानाचा दैनिक चढउतार आणि हार्मोन यांचं वेळापत्रक तिथून चालतं. या घड्याळाच्या आतली यंत्रणा पेशीतल्या जनुकांची आहे. ती फळमाशीत उलगडून दाखवल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे मदुराईच्या कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी वटवाघळांच्या अशाच घड्याळावर अनेक वर्षं काम केलं.

गोची अशी, की बहुतेकांचं हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नसतं. सरासरी चोवीस तास आणि वर दहा-बारा मिनिटं. म्हणजे रोज थोडं मागं पडणारं घड्याळ रोज लावून घ्यावं लागतं, आणि ते लावतो उजेड. डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते निळसर उजेडाला, साधारण ४८० नॅनोमीटर लांबीच्या लहरींना, सगळ्यात जास्त प्रतिसाद देतं. या पेशी चित्र बघत नाहीत, दिवस आहे की रात्र एवढंच त्या मेंदूला कळवतात. रात्र झाल्याची वर्दी मिळाली की मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं हार्मोन, सुटायला लागतं. डोळ्यांवर उजेड पडत राहिला की ते दबून राहतं.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट एकच. सकाळचा उजेड घड्याळ अलीकडे आणतो, म्हणजे झोप आणि जाग लवकर येते; रात्रीचा उजेड ते पलीकडे ढकलतो.

दिवसभर क्लासमध्ये ट्यूबलाइट असतेच की. मग उजेड मिळत नाही कसं म्हणता?

इथंच खरी मेख आहे. डोळा फार फसवा आहे. खोली लख्ख वाटते, पण मोजून पाहिलं की कळतं. उजेड लक्समध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास, निरभ्र दिवशी झाडाच्या सावलीतही दहा हजारांच्या घरात. पावसाळ्यात आभाळ भरून आलं तरी बाहेर काही हजार असतात. ट्यूबलाइटच्या वर्गात मात्र शंभर ते तीनशे-चारशे, त्याच्या वर क्वचित.

आता लातुरात उद्योग भवनाच्या बाजूला खोली करून राहणाऱ्या एखाद्या मुलाचा दिवस बघा. खोलीची एकुलती खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते, म्हणून ती कायम बंद. सकाळी गल्लीच्या सावलीतून क्लासला. हॉलच्या खिडक्यांना प्रोजेक्टरसाठी जाड पडदे. दुपारी मेसचा डबा खोलीवर, मग परत हॉल. संध्याकाळी बाहेर पडतो तेव्हा दिवस मावळलेला. आठ वाजता अभ्यासिका: प्लायवूडचं कप्प्यासारखं केबिन, त्यावर वीतभर अंतरावर पांढरीशुभ्र एलईडी पट्टी, समोर चकचकीत पांढरा सनमायका. रात्री साडेबारापर्यंत तो उजेड थेट डोळ्यांत.

या मुलाच्या मेंदूला दिवस नीट उजाडलाच नाही आणि रात्र नीट झालीच नाही. २०२२ मध्ये या विषयातल्या शास्त्रज्ञांनी मिळून काही आकडे सुचवले. दिवसा डोळ्यापाशी निदान २५० लक्स, झोपेआधीच्या तीन तासांत १० पेक्षा कमी, झोपताना १ पेक्षा कमी. हे लक्स मेलॅनॉप्सिनच्या हिशेबानं मोजायचे असतात, त्यामुळे मोबाईलच्या ॲपमधला आकडा तंतोतंत जुळणार नाही. अंदाज येतो एवढंच. या मुलाचा दिवस या शिफारशीच्या बरोबर उलटा आहे. वर दिवसभर मंद उजेडात राहिलेल्याला रात्रीचा उजेड जास्त बाधतो. दिवसा भरपूर ऊन अनुभवलेल्याला कमी.

२०१३ साली केनेथ राइट यांच्या गटानं काही लोकांना आठवडाभर तंबूत नेऊन ठेवलं. दिवे नाहीत, मोबाईल नाही, फक्त ऊन आणि शेकोटी. आठवड्यात त्यांचं घड्याळ दोन तासांच्या आसपास अलीकडे आलं. गावाकडे सुट्टीला आलेलं पोरगं चार-पाच दिवसांत लवकर झोपायला लागतं, ते निव्वळ आईच्या धाकानं नाही.

मग मोबाईल निर्दोष आहे म्हणायचा?

नाही. पण त्याचा गुन्हा लोक समजतात तो नव्हे. हातभर अंतरावरच्या फोनचा उजेड डोळ्यापाशी थोडेच लक्स भरतो. डोक्यावरची ट्यूब त्याहून कितीतरी जास्त देते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात बारा तरुणांना झोपेआधी चार तास, सलग पाच रात्री, पूर्ण उजेडाच्या टॅबलेटवर वाचायला दिलं. छापील पुस्तकाच्या तुलनेत मेलाटोनिन दीड तास उशिरा सुटलं, पण झोप लागायला सरासरी दहाच मिनिटं जास्त लागली. परिणाम आहे, पण आकाश कोसळलं असं नाही.

फोनचा मोठा दोष हा, की तो झोपायची वेळच खाऊन टाकतो. एक रील, मग दुसरी, मग टेस्ट सिरीजच्या ग्रुपवर कुणाला किती मार्क पडले ते. हे उजेडाचं काम नाही. म्हणून आईबापांना सांगणं: फोन काढून घेतला आणि ट्यूब रात्री एकपर्यंत तशीच ठेवली, तर अर्धंच काम झालं.

नाइट मोड लावला, निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेतला तर?

नाइट मोड फुकट आहे, लावा. मोठी आशा नको. ब्राइटनेस कमी करणं त्याहून उपयोगी. चष्म्यावर मी पैसे घालणार नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात सतरा चाचण्या तपासल्या गेल्या आणि झोपेला त्याचा फायदा होतो असं ठामपणे म्हणण्याजोगं काही सापडलं नाही. त्या पैशात पिवळसर उजेडाचे दोन बल्ब येतील. बल्बच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असेल तर तो दुधाळ पांढरा. रात्रीसाठी २७०० किंवा ३००० के बघून घ्या, आणि तो छताला लावण्यापेक्षा टेबललॅम्पमध्ये लावून उजेड वहीवर पाडा.

आजोबा म्हणतात पहाटे चारला उठून केलेला अभ्यासच डोक्यात राहतो. खरं का?

आजोबांसाठी खरं. वय वाढतं तसं घड्याळ अलीकडे येतं, साठीच्या माणसाला पहाटे आपोआप जाग येते. शिवाय आजोबांच्या लहानपणी गावात आठ-नऊला निजानीज व्हायची. चारला उठूनही त्यांची सात तास झोप झालेली असायची.

सतरा वर्षांच्या मुलाचं तसं नाही. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. साडेबाराला झोपलेल्याला चारला उठवलं, तर साडेतीन तासांत त्याचं काय होणार? रात्रीच्या शेवटच्या भागात स्वप्नांची झोप जास्त असते, नेमकी तीच कापली जाते. शरीराचं तापमान नेहमीच्या जागं होण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास सगळ्यात खाली असतं. उशिरा झोपणाऱ्या मुलाचं ते पहाटे पाच-सहाच्या आसपास तळाला जातं, म्हणजे चारला त्याचा मेंदू अजून उतारावरच असतो. पुस्तक उघडं, डोळे उघडे, आत काही जात नाही. दिवसभर वाचलेलं पक्कं होण्याचं कामही बरंचसं झोपेत होतं, ते वेगळंच.

आणि एक साधी गोष्ट कुणी विचारातच घेत नाही. मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा दुपारी दोनला सुरू होते. बारावी बोर्डाचा सकाळचा पेपर अकराला. एकही परीक्षा पहाटे चारला नसते. तरतरी हवी ती दुपारी दोन ते पाचला.

ज्याला खरोखर पहाटेच बरं वाटतं, असं लेकरूही असतं. ते नऊ-साडेनऊला झोपत असेल तर त्याला खुशाल चारला-पाचला उठू द्या. बाकीच्यांना त्याचं उदाहरण देऊ नका.

सकाळचा उजेड म्हणजे नेमका कधी आणि किती वेळ?

उठल्यावर तासाभराच्या आत, उघड्यावर, वीस-तीस मिनिटं. ढगाळ असेल तर थोडं जास्त. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, नुसतं बाहेर असलं की झालं. काचेआड बसून तेवढा उजेड मिळत नाही.

आपल्या भागाची एक गंमत आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते आणि लातूर साडेशहात्तरच्या जवळ. त्यामुळे आपला सूर्य घड्याळाच्या साधारण चोवीस मिनिटं मागं चालतो, छत्रपती संभाजीनगरात अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटं. जूनमध्ये लातुरात सहाच्या आत उजाडतं, पण जानेवारीच्या मध्याला सूर्य सातच्या सुमारास वर येतो. म्हणजे ऐन परीक्षेच्या हंगामात साडेसहाची बॅच असेल, तर पोरं अंधारात क्लासला पोहोचतात आणि ऊन पडतं तेव्हा पडद्याआड असतात. अशा मुलांनी मधल्या सुट्टीत कॅन्टीनच्या टेबलाला चिकटून न बसता बाहेर उभं राहून पोहे खावेत. पाठांतराची चिठ्ठी घेऊन गच्चीवर फेऱ्या मारल्या तरी चालतं. अभ्यासही होतो.

रविवारी दुपारपर्यंत झोपू द्यावं का?

तासभर जास्त, फार तर दीड तास. आठवडाभर सहाला उठायचं आणि रविवारी बाराला, म्हणजे सकाळचा सगळा उजेड हुकला आणि घड्याळ पुन्हा पुढं गेलं. सोमवारी सहाला उठणं मग दुप्पट जड. रोनेबर्ग यांच्या गटानं याला सोशल जेटलॅग असं नाव दिलं आहे. कमी पडलेली झोप भरून काढायची तर रविवारी दुपारी तीनच्या आत अर्धा तास डुलकी घ्या.

पहाटे पळायला जाणारी भरतीची पोरं चांगली झोपतात. आमच्या पोराला पण पाठवू का?

पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करणारी पोरं दमलेली असतात, शिवाय ग्राउंडवरच त्यांना ऊन लागतं. दोन्हींचा फायदा होतो. पण अंधारात पळून सूर्य उगवायच्या आत परत खोलीत शिरलं, तर उजेडाचा भाग राहूनच गेला. झोप मोडून पळायला पाठवू नका, उजाडल्यावर पाठवा.

उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात दोनशिवाय झोपच येत नाही. हेही उजेडामुळं का?

हे उकाड्यामुळं. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं आणि अंगातली उष्णता बाहेर पडावी लागते. दिवसभर ४२-४३ अंशांत तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत वाफ सोडत असतो, तिथं ती पडणार कुठून? आपल्या जुन्या घरांच्या माळवदावर, नाहीतर गच्चीवर पाणी मारून अंथरूण टाकायची पद्धत यासाठी उत्तम आहे. एक लक्षात असू द्या: गच्चीवर पहाटे साडेपाचलाच फटफटतं आणि जाग येते, म्हणून रात्री तिथं लवकर जायचं. समोर रस्त्याचा एलईडी दिवा असेल तर डोळ्यांवर उपरणं नाहीतर रुमाल टाका.

शेतीची लाईट पाळीनं रात्री असते. पोराला दारं धरायला जावं लागतं. काय करावं?

सगळ्यात आधी: बॅटरीचा उजेड कमी करायचा नाही. रात्री उसात, गव्हात पाण्यामागं फिरताना विंचूकाट्याचं, सापाचं भय असतं. तिथं लख्ख उजेड आणि पायात बूटच हवेत, मेलाटोनिनची चिंता घरी. त्या रात्री झोपेचं नुकसान होतं ते जागरणानं. दुसऱ्या दिवशी पोराला दहापर्यंत झोपू द्या आणि नंतर उजेडात काढा. सलग आठवडाभर मात्र त्याच्याच गळ्यात ही पाळी घालू नका, आलटून पालटून करा. दिवसा थ्री-फेज मिळावी ही शेतकऱ्याची जुनी मागणी आहे. घरात बारावीचं लेकरू असेल तर त्या मागणीला आणखी एक कारण मिळतं.

कोजागिरीला तुळजापूरला चालत जायचंय. चांदण्यानं घड्याळ बिघडेल का?

पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास भरतं. त्यानं काही होत नाही. जागरण होईल ते वाटेवरच्या मंडपांतल्या हॅलोजननं आणि चहानं. जाऊन या, दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवू नका.

रमजानमध्ये सहेरीला (पहाटेच्या जेवणाला) उठावं लागतं, तरावीहनंतर (रात्रीच्या जादा नमाजनंतर) उशीर होतो. अभ्यासाचं कसं करायचं?

रात्रीची झोप दोन तुकड्यांत जाणार हे धरूनच चाला. सहेरी आणि फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजच्या, वेळी घरात मंद पिवळा दिवा पुरतो. नंतर झोपायचं असेल तर खोली अंधारी करा आणि उठल्यावर बाहेर पडा. जुहरनंतरची, म्हणजे दुपारच्या नमाजनंतरची, छोटी डुलकी या महिन्यात फार कामाची. ईदनंतर वेळ एका दिवसात जागेवर येत नाही, आठवडाभर धरा.

रात्री जागायला चहा, कॉफी चालेल?

पोटात गेलेल्या कॅफिनचं निम्मं पाच तासांनीही अंगात असतं. झोपेआधी तीन तास घेतलेल्या कडक कॉफीनं नुसती झोपच उडत नाही, घड्याळही पाऊण तासाच्या आसपास पुढं ढकललं जातं, असं २०१५ च्या एका प्रयोगात दिसलं. संध्याकाळी पाचनंतर नको.

घड्याळ अलीकडे आणायचं ठरवलं. सुरुवात कशी करू?

रात्री दहाला आडवं पडून छताकडे बघत बसू नका, त्यानं चिडचिड वाढते. सुरुवात सकाळकडून करा. सध्या नऊला उठत असाल तर उद्या साडेआठला उठून लगेच बाहेर उजेडात जा. दोन-तीन दिवस तिथंच राहा, मग आठ. एकदम पाचला उठून डोळ्यांवर झगमगता दिवा घेतला तर उलटंच होऊ शकतं. तापमानाच्या त्या तळाच्या आधी मिळालेला उजेड घड्याळाला रात्रीचाच वाटतो आणि ते आणखी पुढं जातं. गजराच्या घाईत लोक इथंच फसतात.

रात्री नऊनंतर छताची ट्यूब बंद, टेबललॅम्प सुरू. अभ्यासिकेतच बसायचं असेल तर अवघड विषय तिथं आधी उरकून शेवटचा तास खोलीवर, पिवळ्या उजेडात, वाचलेलं आठवण्यात घालवा. खोलीत तिघं असतील तर दिवा कधी मालवायचा हे आधीच ठरवून घ्या, कारण एकाच्या ट्यूबमध्ये तिघांची झोप जाते. दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून हे काम नीटच्या आदल्या आठवड्यात काढू नका, महिनाभर आधी काढा.

कॉलेज आणि क्लासच उशिरा सुरू केले तर?

तर फार बरं होईल. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच शिफारस केली, की या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आत भरू नयेत. कॅलिफोर्नियात हायस्कूलसाठी तसा कायदा २०२२ पासून लागू आहे. आपल्या राज्यानं फेब्रुवारी २०२४ मध्ये सकाळी नऊच्या आत शाळा नको असं ठरवलं, पण ते पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंत. चिमुकल्यांची झोप वाचली, चांगलंच झालं. पण ज्या वयात घड्याळ खरोखर पुढं सरकलेलं असतं, त्या अकरावी-बारावीवाल्यांची साडेसहाची बॅच तशीच राहिली. पालकसभेत फीबद्दल बोलतो तसं बॅचच्या वेळेबद्दलही विचारायला हवं.

मेलाटोनिनची गोळी मेडिकलवर मिळते म्हणे. देऊ का?

स्वतःच्या मनानं नको. ती झोपेची गोळी नाही, वेळेचा इशारा आहे, आणि चुकीच्या वेळी घेतली तर इशाराही चुकीचा जातो. कधी आणि किती घ्यायची हे डॉक्टरांनी ठरवायचं.

डॉक्टरकडे कधी न्यायचं?

महिनाभर उजेडाची शिस्त पाळूनही पहाटे तीन-चारशिवाय झोप येत नसेल, झोपेत मोठ्यानं घोरणं किंवा श्वास अडकणं होत असेल, पुरेशी झोप घेऊनही बसल्या जागी डोळा लागत असेल, तर दाखवा. झोपेबरोबर जेवण तुटलं असेल, मूल गप्प-गप्प राहत असेल, फोन उचलत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलत असेल, तर तो झोपेचा प्रश्न समजून वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही बोलता येतं. पहिली गाडी पकडून खोलीवर जा.